उमेदवार तपासायची साधनं: ॲप ठीक, पण शपथपत्राला पर्याय नाही

२०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीचं वेळापत्रक समोर ठेवलं की मतदाराच्या हातात किती वेळ असतो ते कळतं. १५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली, २२ ला अधिसूचना निघाली. २९ ला, म्हणजे धनत्रयोदशीला, अर्ज भरायची मुदत संपली. ३० ला छाननी झाली आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, ४ नोव्हेंबरला, माघार. मतदान २० नोव्हेंबरला. मतदार यादीत नाव घालायचं असेल तर उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेच्या १० दिवस आधीपर्यंत आपला अर्ज गेलेला बरा. त्या हिशेबाने १९ ऑक्टोबर. घोषणेपासून अवघे ४ दिवस. आणि आपल्या मतदारसंघात शेवटी कोण कोण उरलं हे पक्कं झाल्यापासून त्यांची माहिती काढायला जेमतेम पंधरवडा.

एवढ्या वेळात खरोखर उपयोगी पडतील अशी साधनं कोणती आणि नुसती चकचकीत कोणती, याचा हा आढावा. निवडणूक आयोगाच्या सेवा आणि बाहेरच्या संस्थांची संकेतस्थळं, दोन्ही यात आहेत. जवळजवळ सगळं फुकट आहे, त्यामुळे प्रश्न पैशांचा नाही, वेळ कुठे घालवायचा याचा आहे.

नाव शोधणं आणि अर्ज

आयोगाने मे २०२५ मध्ये आपली ४० हून अधिक ॲप आणि संकेतस्थळं ‘ईसीआयनेट’ या एका नावाखाली आणायचं जाहीर केलं. त्यामुळे ‘व्होटर हेल्पलाइन’, ‘केवायसी’ (म्हणजे ‘आपला उमेदवार ओळखा’), ‘सीव्हिजिल’ ही सुटी नावं जुन्या माहितीत दिसली तर गोंधळू नका. सोयी त्याच आहेत, दार एक होत चाललं आहे.

नाव शोधायचे तीन रस्ते आहेत: ओळखपत्र क्रमांकाने, मोबाइल क्रमांकाने आणि नाव-वय-जिल्हा भरून. पहिला रस्ता धरा. ओळखपत्रावरचा क्रमांक, म्हणजे ३ इंग्रजी अक्षरं आणि ७ आकडे, घातला की काम होतं. मोबाइलने शोधायचं तर तो क्रमांक आधी नोंदवलेला हवा. नावाने शोधणं हा सगळ्यात बेभरवशाचा प्रकार, कारण यादीत नाव मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही लिपींत असतं आणि लिप्यंतर जसं झालं तसं राहिलेलं असतं. ‘ज्ञानेश्वर’ इंग्रजीत ‘डी’ने सुरू होतो की ‘जी’ने, यावर तो सापडणं अवलंबून. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव रिकामं ठेवून, वयात एक-दोन वर्षांचा फरक करून पुन्हा शोधावं. तरी न सापडल्यास यादीभागाचं पीडीएफ उतरवून डोळ्यांनी वाचावं. ही पीडीएफ प्रतिमेच्या स्वरूपात असतात, त्यामुळे त्यांत शब्द टाकून शोध घेता येत नाही. अनुक्रम साधारण घरांच्या क्रमाने असल्यामुळे शेजाऱ्यांचं नाव सापडलं की आपलं तिथेच आसपास असतं.

सापडल्यावर विधानसभा मतदारसंघ, यादीभाग क्रमांक, अनुक्रमांक आणि मतदान केंद्राचा पत्ता, हे चार तपशील कागदावर लिहून ठेवा. कागदावर का, ते पुढे येईल.

अर्जांच्या बाबतीत गफलत होते ती बहुतेकदा नमुना ६ आणि नमुना ८ यांच्यात. पहिल्यांदाच नाव घालायचं तर ६. पत्ता बदलला, नावात चूक आहे, कार्ड हरवलं, अपंगत्वाची नोंद करायची आहे, तर ८. ऑगस्ट २०२२ पासून हे सगळं नमुना ८ मध्येच आहे. पूर्वीचा ८-अ गेला. नाशिकहून पुण्याला घर हलवलेला माणूस पुण्यात नमुना ६ भरतो, नवं कार्ड येतं, आणि नाशिकचं नाव तसंच राहतं. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याला मान्य नाही, आणि अर्जात खोटं निवेदन केलं तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. घरातलं कोणी वारलं असेल तर नाव कमी करायला नमुना ७. परदेशी असलेल्या, पण भारतीय पासपोर्ट टिकवलेल्या मराठी मंडळींसाठी ६-अ. मात्र मत द्यायला स्वतः यावं लागतं आणि मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो.

वयाची १८ वर्षं मोजायच्या तारखा आता वर्षातून चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. १७ पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. कॉलेजात जाणारं पोर घरात असेल तर हे काम निवडणुकीची चाहूल लागण्याआधी उरका.

अर्ज भरल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक जपून ठेवा. पोर्टल अर्ज घेतं. पण प्रत्यक्ष पडताळणी करतो तो बीएलओ, म्हणजे आपल्या मतदान केंद्रासाठी नेमलेला अधिकारी. अर्ज बराच काळ हललाच नाही तर १९५० या मदतक्रमांकावर फोन करण्यापेक्षा बीएलओला गाठणं जलद. त्याचं नाव आणि क्रमांक त्याच पोर्टलवर मतदान केंद्राच्या तपशिलात असतात. गोव्यातल्या वाचकांसाठी वेगळं: ऑक्टोबर २०२५ अखेर जाहीर झालेल्या विशेष सखोल पुनरीक्षणात, म्हणजे मतदार याद्यांच्या नव्याने तपासणीत, गोवा होता. जुनं कार्ड हाताशी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, नव्या यादीत नाव पुन्हा बघा.

एकंदरीत ही सेवा चांगली. ओळखपत्र क्रमांक असेल तर उत्तम, नसेल तर चिकाटी हवी.

‘आपला उमेदवार ओळखा’: हो-नाही पुरतं

२०२२ च्या सुरुवातीला, गोवा-उत्तर प्रदेशच्या निवडणुकांच्या तोंडावर आलेली ही सोय. मतदारसंघ निवडला की उमेदवारांची यादी येते आणि प्रत्येकापुढे गुन्हेगारी पार्श्वभूमी आहे की नाही ते दिसतं. दिसायला सोपं, वापरायला सोपं, आणि नेमकी तिथेच त्याची मर्यादा. मनाई आदेश मोडून मोर्चा काढला म्हणून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ आणि १३५ खाली गुन्हा असलेला माणूस आणि खुनाच्या प्रयत्नाचा आरोपी, दोघांपुढेही ‘हो’च येतं. विरोधी बाकांवर हयात घालवलेल्या कुठल्याही कार्यकर्त्यावर आंदोलनाचे चार-दोन गुन्हे असणारच. उलट ‘नाही’ आलं म्हणून माणूस धुतल्या तांदळासारखा ठरत नाही. स्वतः उमेदवाराने शपथपत्रात ‘नाही’ लिहिलं आहे एवढाच त्याचा अर्थ.

ही सोय उमेदवारांची यादी आणि शपथपत्राचा दुवा मिळवायला वापरा. निष्कर्ष काढायला नको.

शपथपत्र: कंटाळवाणं, पण सगळ्यात मोलाचं

उमेदवाराची माहिती मिळणं हा मतदाराचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ च्या निकालात सांगितलं आणि १३ मार्च २००३ च्या निकालात ते पक्कं केलं. त्यातून आलं ते नमुना २६ चं शपथपत्र. आयोगाच्या शपथपत्र पोर्टलवर निवडणूक, राज्य, मतदारसंघ निवडून ते उतरवता येतं. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या सूचनाफलकावरही ते लागतं.

पोर्टल म्हणून याला फार गुण देता येत नाहीत. शपथपत्रं स्कॅन केलेली, काही हाताने लिहिलेली, काही तिरकी, नोटरीच्या शिक्क्याखाली आकडा झाकलेला. एक उमेदवार ४ पर्यंत अर्ज भरू शकतो, त्यामुळे त्याच माणसाचं नाव अनेकदा दिसतं. छाननीत काही रकाने रिकामे आढळले तर उमेदवाराला नव्याने शपथपत्र द्यायला सांगतात. म्हणून तारखेने शेवटचं असेल ते वाचायचं. आणि यादी ‘लढत असलेले’ या गाळणीतून पाहायची, नाहीतर माघार घेतलेल्या डमी उमेदवारावर संध्याकाळ जाते.

वाचायला सुरुवात शेवटून करा. भाग ब हा गोषवारा आहे: खटले किती, जंगम किती, स्थावर किती, देणं किती. दोन मिनिटांत अंदाज येतो. पण खरी गंमत भाग अ मध्ये.

गुन्ह्यांचा रकाना: एफआयआर क्रमांक, पोलीस ठाणं, न्यायालय, खटला क्रमांक, कलमं, थोडक्यात आरोप आणि आरोप निश्चित झाले का, झाले तर कधी. कलमं वाचायची सवय लावली की काम निम्मं होतं. १ जुलै २०२४ पासून नव्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचे क्रमांक लागतात, जुन्या गुन्ह्यांना दंड संहितेचेच राहतात, म्हणून एकाच शपथपत्रात दोन्ही भेटतात. जुनं १८८, नवं २२३: सरकारी आदेश मोडणं. जुनं १४३, नवं १८९(२): बेकायदा जमाव. हे दोन बहुतेकदा आंदोलनातले. जुनं ३५३, नवं १३२: सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला किंवा बळाचा वापर; इथे थांबून आरोपाचं वर्णन वाचायचं, कारण या कलमाखाली रस्त्यावरची धक्काबुक्कीही असते आणि कार्यालयात घुसून केलेली मारहाणही. जुनं ४२०, नवं ३१८(४): फसवणूक. जुनं ३०७, नवं १०९: खुनाचा प्रयत्न. जुनं ३०२, नवं १०३: खून. जुनं ३७६, नवं ६४: बलात्कार. शेवटच्या चारांपैकी काही असेल आणि ‘आरोप निश्चित’ समोर तारीख असेल, तर न्यायालयाला प्रथमदर्शनी खटला चालवण्याजोगं काही दिसलं आहे असा अर्थ होतो. नुसता एफआयआर त्या मानाने हलका.

मालमत्तेच्या रकान्यात एकूण बेरजेकडे सगळे बघतात आणि तीच सगळ्यात कमी उपयोगाची. स्थावराची आजची किंमत उमेदवार स्वतः अंदाजे लिहितो. त्याऐवजी प्रत्येक जमिनीपुढचे तीन तपशील बघा: वारसाने आली की विकत घेतली, विकत घेतल्याची तारीख, आणि तेव्हाची किंमत. वडिलोपार्जित बागायतीची किंमत पाच वर्षांत दुप्पट झाली यात उमेदवाराचं कर्तृत्व नाही आणि दोषही नाही. पद मिळाल्यानंतरच्या वर्षांत विकत घेतलेल्या जागांची यादी मात्र बोलकी असते.

पॅनच्या रकान्यात मागच्या ५ आर्थिक वर्षांच्या विवरणपत्रांतलं उत्पन्न असतं: स्वतःचं, पती किंवा पत्नीचं, हिंदू अविभक्त कुटुंबाचं, अवलंबितांचं. त्याची बेरीज आणि त्याच काळातल्या खरेद्यांची बेरीज शेजारी मांडा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने करपात्र आकडा लहान दिसू शकतो, ती सूट धरा. कर्ज काढून खरेदी असेल तर ते देण्यांच्या रकान्यात दिसलं पाहिजे. दोन्ही सोडूनही मोठी तफावत उरली तर सभेत विचारण्यासारखा प्रश्न मिळाला.

लहान लहान गोष्टी: सोन्यापुढे वजन आणि किंमत दोन्ही असतात, भागाकार केला की कुठल्या काळाचा भाव धरला ते कळतं. गाड्यांपुढे नोंदणी क्रमांक आणि खरेदीचं वर्ष असतं. ‘दिलेली कर्जं’ हा रकाना तर आवर्जून बघा. कुठल्या कंपनीत, भागीदारीत, नातेवाइकाकडे पैसा फिरतो ते तिथे दिसतं. ९-ब मध्ये सरकारशी केलेल्या कंत्राटांची माहिती असते. नगरपालिका आणि जिल्हा परिषदांच्या कंत्राटदारांनी राजकारण भरलेलं असताना हा रकाना कोणी वाचत नाही, याचं नवल वाटतं. मागच्या १० वर्षांत सरकारी निवासस्थान घेतलं असेल तर भाडं, वीज, पाणी, दूरध्वनीची थकबाकी नाही, हेही लिहून द्यावं लागतं.

रकाना रिकामा सोडता येत नाही. ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहावंच लागतं. सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर, सूचना देऊनही रकाने रिकामे ठेवले तर अर्ज बाद होऊ शकतो. पण लिहिलेलं खरं आहे का, हे छाननीत तपासलं जात नाही. खोटी माहिती दिल्यास किंवा माहिती लपवल्यास लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२५-अ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्यासाठी कोणीतरी न्यायालयात जावं लागतं. एक सोय मात्र फारशी कोणाला माहीत नसते: उमेदवाराच्या शपथपत्रातली माहिती खोटी असल्याचं सांगणारं प्रतिशपथपत्र दुसरं कोणीही निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे देऊ शकतं आणि तेही लोकांसाठी प्रसिद्ध करावं लागतं. मूळ शपथपत्राशेजारी असं काही लागलं आहे का, ते बघायला विसरू नका.

पडताळणी घरबसल्या

महाराष्ट्रात या बाबतीत बरी परिस्थिती आहे. शपथपत्रात गाव आणि गट क्रमांक असतो. महाभूमीच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक निवडून विनास्वाक्षरीत सातबारा फुकट पाहता येतो. डिजिटल सहीचा हवा तर १५ रुपये. क्षेत्र जुळतं का, नाव आहे का, आणि ‘इतर हक्क’ या भागात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का ते बघा. बोजा आहे आणि शपथपत्रात कर्ज ‘निरंक’, असं दिसलं तर लगेच उड्या मारू नका. कर्ज फिटूनही बोजा कमी करायची नोंद राहून जाते, हे कुठलाही तलाठी सांगेल. सामाईक खात्यात कोणाचा हिस्सा किती हेही सातबाऱ्यावरून नेहमी कळत नाही. शहरातल्या मिळकतींसाठी मिळकत पत्रिका. खरेदीखतं तपासायची तर नोंदणी विभागाची ई-सर्च: वर्ष, गाव, मिळकत क्रमांक घातला की सूची क्रमांक २, म्हणजे दस्ताचा गोषवारा, उघडते आणि त्यात मोबदला आणि बाजारमूल्य दोन्ही असतात. रेडी रेकनरचा दर त्याच विभागाच्या संकेतस्थळावर.

खटल्यांसाठी ई-कोर्ट्स. खटल्याची ओळख असलेला १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक शपथपत्रात क्वचितच असतो, पण एफआयआर क्रमांकानेही शोध घेता येतो: राज्य, जिल्हा, न्यायालय संकुल, पोलीस ठाणं, वर्ष. पक्षकाराच्या नावाने शोधायचं तर आडनाव आधी की नाव आधी याचे दोन्ही प्रकार करून बघा. सापडलं की खटल्याचा टप्पा आणि पुढची तारीख दिसते. शपथपत्रात नसलेला खटला इथे सापडू शकतो, पण त्याच नावाचा दुसरा माणूस असण्याची शक्यता दांडगी. पाटील, शिंदे, जाधवांच्या राज्यात नुसत्या नावावर विसंबून काही पुढे पाठवणं म्हणजे स्वतःवर अब्रुनुकसानीचा दावा ओढवून घेणं.

मायनेता

असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही १९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी सुरू केलेली संस्था; २००२ च्या निकालामागची याचिका तिचीच. तिचं ‘मायनेता’ हे संकेतस्थळ शपथपत्रातले आकडे टंकून तक्त्यात मांडतं. वेळ कमी असेल तर पहिला थांबा हाच. गंभीर कलमं वेगळी काढलेली असतात आणि पुन्हा उभ्या राहिलेल्या उमेदवारांची आधीच्या निवडणुकीशी तुलना मिळते. ही तुलना आयोगाच्या पोर्टलवर स्वतः करायची तर दोन निवडणुकांची पीडीएफ शेजारी उघडून बसावं लागतं.

कमतरता दोन. अर्ज भरल्यावर पान तयार व्हायला वेळ लागतो आणि सगळ्या अपक्षांची पानं मतदानाआधी भरलेली असतीलच असं नाही. २०२४ ला महाराष्ट्रात ४,१३६ उमेदवार होते, हे लक्षात घेतलं तर तक्रारही करता येत नाही. दुसरी, अस्पष्ट स्कॅनवरून टंकलेल्या आकड्यात शून्य इकडचं तिकडे होऊ शकतं. आकडा धक्कादायक वाटला तर मूळ शपथपत्र उघडायचं. एवढं पथ्य पाळलं तर यापेक्षा चांगलं साधन सध्या नाही.

पक्षांनी दिलेली कारणं

गुन्हे दाखल असलेल्या माणसाला तिकीट का दिलं, हे पक्षाला उमेदवार ठरवल्यापासून ४८ तासांत सांगावं लागतं. सी-७ नावाच्या नमुन्यात, वर्तमानपत्रांत आणि स्वतःच्या संकेतस्थळावर. केवळ ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये सांगितलं. शिवाय उमेदवार आणि पक्ष दोघांनाही प्रचारकाळात तीनदा जाहिरात द्यावी लागते. या जाहिराती कुठे छापल्या जातात? जाहीर नोटिसा आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या शेजारी, बारीक टायपात. कारणं वाचली तर ‘सर्वसामान्यांचा नेता, समाजकार्यात अग्रेसर’ छापाची. दहा मिनिटं करमणूक म्हणून ठीक, माहिती म्हणून फोल.

मागच्या पाच वर्षांचं काम

खासदारांसाठी पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचं संकेतस्थळ: हजेरी, विचारलेले प्रश्न, चर्चांतला सहभाग, खासगी विधेयकं. आकडे राष्ट्रीय आणि राज्याच्या सरासरीशेजारी मांडलेले असतात. वापरताना ध्यानात ठेवायचं की मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत, तेव्हा मंत्र्यापुढचं रिकामं खातं म्हणजे कामचुकारपणा नव्हे. प्रश्नांची संख्याही फसवी असते. दोन-चार प्रश्न उघडून वाचावे, आपल्या मतदारसंघाशी त्यांचा काही संबंध आहे का ते बघावं.

आमदारांचं काम शोधणं याहून अवघड. मुंबईकरांना प्रजा फाउंडेशनची प्रगतिपुस्तकं आहेत. बाकी महाराष्ट्राने विधिमंडळाच्या संकेतस्थळावरचं कामकाज उघडून तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचनांत आपल्या आमदाराचं नाव शोधायचं. हे काम वेळखाऊ आहे आणि प्रचाराच्या पंधरवड्यात कोणी करेल असं वाटत नाही. अधिवेशन संपलं की तेव्हाच्या तेव्हा करून ठेवणारा गावात एखादा असेल तर त्याला चहा पाजा.

सीव्हिजिल

२०१८ पासून असलेली तक्रारीची सोय. पैसेवाटप, दारू, भेटवस्तू, विनापरवाना फलक, मतदारांना गाड्यांनी नेणं, अशा गोष्टींचा फोटो किंवा २ मिनिटांपर्यंतचं चित्रण पाठवायचं. १०० मिनिटांत निकाल लावायचा असा दंडक आहे: ५ मिनिटांत तक्रार पथकाकडे, १५ मिनिटांत पथक जागेवर, ३० मिनिटांत चौकशी, उरलेल्या ५० मिनिटांत अधिकाऱ्याचा निर्णय.

तक्रारी वाया जातात त्या ठरावीक कारणांनी. चित्रण ॲपच्याच कॅमेऱ्यातून करावं लागतं. गॅलरीतलं किंवा व्हॉट्सॲपवर आलेलं चालत नाही. काढल्यापासून ५ मिनिटांत पाठवावं लागतं, त्यामुळे नेटवर्क नसलेल्या वाडीत अडचण. जीपीएस बंद असेल तर पुढे जातच नाही. ॲप आचारसंहिता लागू असलेल्या भागातच चालतं. निनावी तक्रार करता येते, पण मग पुढे काय झालं ते कळवलं जात नाही. पैसेवाटपाच्या ठिकाणी उभं राहून फोन रोखण्यापेक्षा, अंतरावरून ठिकाणाची खूण दिसेल असं चित्रण आणि सोबत दोन ओळींचं वर्णन पुरतं. फलक-झेंड्यांसाठी हे साधन झकास, बंद दाराआडच्या पाकिटांपुढे हतबल.

मतदानाच्या दिवशी

ओळखपत्र नसेल तर १२ पर्यायी कागदपत्रं चालतात: आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगा जॉब कार्ड वगैरे. आयोगाची मतदार माहिती चिठ्ठी २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. आणि फोनमधल्या ई-ओळखपत्राच्या भरवशावर जाऊ नका. नोव्हेंबर २०२४ ला मतदान केंद्राच्या १०० मीटर परिसरात मोबाइलला बंदी होती आणि डिजिलॉकर दाखवू द्यावं अशी याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली. त्यानंतर केंद्राबाहेर फोन ठेवायची सोय आली, पण आत फोन नाहीच. म्हणून प्लास्टिकचं किंवा कागदी ओळखपत्र हवं, आणि ते लिहून ठेवलेले चार तपशीलही.

यंत्रावर नाव, चिन्ह आणि फोटो, तिन्ही बघून बटण दाबायचं. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हासमोर ‘ट्रम्पेट’ घेतलेल्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली आणि निकालाचं अंतर होतं ३२,७७१. तेव्हा ट्रम्पेटचं मराठी नावही ‘तुतारी’च छापलं जात होतं, विधानसभेआधी ते बदललं. उमेदवारांचा क्रम आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावाच्या वर्णानुक्रमाने असतो. आपला उमेदवार कितवा हे आधी बघून ठेवलं तर आत गडबड होत नाही. व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी ७ सेकंद दिसते.

आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षाला ओळख पटवून ‘प्रदत्त मत’ मागायचं. ते यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर घेतात. लेखी नोंद राहते.

नोटाबद्दल एक फरक. लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी त्याच्या पाठोपाठचा उमेदवार निवडून येतो. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर होता; निकालावर परिणाम शून्य. महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांत मात्र नोव्हेंबर २०१८ च्या राज्य निवडणूक आयोगाच्या आदेशाप्रमाणे नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक.

स्थानिक निवडणुकांचं घरच वेगळं आहे. त्या राज्य निवडणूक आयोग घेतो. दिल्लीच्या आयोगाच्या पोर्टलवर नगरसेवकाचं शपथपत्र शोधत बसू नका. यादी विधानसभेचीच, पण प्रभागवार फोडलेली. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांत संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे होते, व्हीव्हीपॅट नव्हतं, आणि मुंबई सोडून बहुतेक शहरांत एका मतदाराला चार मतं द्यायची होती. चार जागांसाठी चार शपथपत्रांचे संच वाचायचे, म्हणजे वर सांगितलेल्या कामाची चौपट.

निकालानंतर बघण्याजोगा एक कागद उरतो: खर्चाचा हिशेब. विधानसभेला महाराष्ट्रात मर्यादा ४० लाख, गोव्यात २८ लाख. लोकसभेला अनुक्रमे ९५ आणि ७५ लाख. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही. निकालापासून ३० दिवसांत उमेदवाराने जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशेब द्यायचा असतो आणि तो कोणालाही पाहता येतो. न दिल्यास ३ वर्षांपर्यंत अपात्रता. मंडप, गाड्या, खुर्च्या, वडापाव यांचे दर त्यात वेगवेगळे लिहिलेले असतात. आपल्या गावातली सभा डोळ्यांनी पाहिलेली असेल तर तिथल्या खुर्च्यांचा आकडा काढून बघावा.